माशाच्या कानातल्या खड्यावरून वय आणि वाढ कशी काढावी: विदर्भातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

तारली, मांदेली, बांगडा अशा किनाऱ्यावरच्या लहान माशांचे वय काढण्याचा विषय निघाला की गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की समुद्र इतका लांब असताना आपण या वाटेला का जावे. या कामातला समुद्राचा भाग जाळे ओढले की संपतो आणि बाकीचे सगळे काम टेबलावर बसून करायचे असते. तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा असेल, एक बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक असेल आणि आठवडी बाजारात मासळीची दुकाने लागत असतील, तर सुरुवात करायला एवढे पुरते. पदवी आणि पदव्युत्तर वर्गातील, हे काम पूर्वी कधीच न केलेल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

नेमके काय पाहायचे असते

हाडे असलेल्या प्रत्येक माशाच्या डोक्यात, मेंदूच्या खाली आणि थोडे मागे, आतल्या कानात खड्यांच्या तीन जोड्या असतात. त्यांना ऑटोलिथ म्हणतात. बोलताना आपण त्यांना कानाची हाडे म्हणतो. पण त्यांत हाडाच्या पेशी नसतात. कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडेसे प्रथिन यांचे थर एकावर एक बसून ते तयार झालेले असतात. सॅजिटा, लॅपिलस आणि अ‍ॅस्टेरिस्कस ही त्या तीन जोड्यांची नावे. समुद्रातल्या बहुतेक माशांत सॅजिटा सर्वांत मोठी असते आणि वय काढण्यासाठी तीच वापरतात. माशाला तोल सांभाळायला आणि ऐकायला या खड्यांचा उपयोग होतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की एकदा बसलेला थर सहसा पुन्हा विरघळून शरीरात परत जात नाही. उपासमारीच्या काळात खवल्यांची कड झिजू शकते, तशी खड्याची झिजत नाही. म्हणून खवल्यापेक्षा खड्याचा पुरावा अधिक भरवशाचा ठरतो.

सागवानाच्या ओंडक्यावर जशी वर्षावलये दिसतात तशी काही माशांच्या खड्यांवर वर्षाची वलये दिसतात. रायबिश या जर्मन संशोधकाने १८९९ मध्ये प्लेस या चपट्या माशाचे वय अशा वलयांवरून काढले. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते, त्यामुळे तिथे हे वलय ठसठशीत उमटते. आपल्या किनाऱ्यावर पाणी वर्षभर उबदार असते. वाढ मंदावलीच तर पावसाळ्यातल्या बदलांमुळे किंवा अंडी घालण्याच्या ताणामुळे मंदावते, आणि तसा खुणेचा पट्टा वर्षात एकदाच पडेल याची खात्री देता येत नाही. त्यातच तारलीचे आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचे असल्यामुळे वर्षावलये मोजून हाती फारसे काही लागत नाही. पानेला या संशोधकाने १९७१ मध्ये दाखवून दिले, की खड्यात दररोजचेही एक सूक्ष्म वलय असते, ज्यात एक फिकट पट्टा आणि त्याला लागून एक गडद रेघ असते. लहान, अल्पायुषी माशांचे वय याच दैनिक वलयांवरून दिवसांत काढतात, आणि पुढचे सारे विवेचन या दैनिक वलयांविषयी आहे.

मासळी कुठून आणावी

पहिले दहा-वीस खडे हात बसण्यासाठी आहेत असे समजूनच कामाला लागावे. त्यासाठी ढोमा सर्वांत चांगला, कारण ढोम्याच्या कुळातल्या माशांची सॅजिटा शरीराच्या मानाने फार मोठी असते आणि ती शोधताना चुकण्याची भीती नसते. नागपूरहून बर्फात येणाऱ्या समुद्री मासळीत तो पुष्कळदा मिळतो. त्यानंतर बांगड्याकडे आणि मग तारली-मांदेलीकडे वळावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते; पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. त्यामुळे जुलैत बाजारात दिसलेला ‘ताजा’ समुद्री मासा पूर्वेकडचा आहे की शीतगृहातला, हे विक्रेत्याला विचारून वहीत लिहून ठेवावे.

खेड्यातल्या बाजारात ताज्यापेक्षा सुकी मासळी जास्त मिळते, आणि नवशिक्याला ती वाटते त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. सुकवल्याने खडा बिघडत नाही. सुकी मांदेली काही तास साध्या पाण्यात भिजवली की डोके मऊ पडते आणि खडे सहज निघतात. अडचण आहे ती लांबीची. सुकताना मासा आकसतो, त्यामुळे सुक्या माशाची लांबी वाढीच्या गणितात जशीच्या तशी धरता येत नाही. सुके मासे खडे काढण्याच्या आणि वलये वाचण्याच्या सरावापुरतेच ठेवावेत. झिंग्यांच्या ढिगात खडे शोधत बसू नये. झिंगा हा मासा नसल्यामुळे त्याच्या डोक्यात ऑटोलिथ नसतो.

महाविद्यालयाच्या संग्रहालयातले फॉर्मॅलिनच्या बरण्यांतले मासे पाहून मोह होतो, पण ते या कामाला चालत नाहीत. फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि खड्याचे कॅल्शियम कार्बोनेट त्यात विरघळत जाते. जुन्या बरणीतल्या माशाच्या डोक्यात पुष्कळदा खड्याच्या जागी पिठूळ चुरा सापडतो किंवा काहीच सापडत नाही. मासा टिकवायचाच असेल तर बर्फात किंवा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. एप्रिल-मेमध्ये इथल्या उन्हात बाजारातून घरी येईपर्यंत बर्फाचे पाणी होते आणि सैल झाकणाच्या बाटलीतले अल्कोहोल उडून जाते, तेव्हा मासळी जमवण्याचे काम दिवाळीनंतर आणि होळीआधी उरकलेले बरे.

डोके कापण्याआधी नोंदी पूर्ण कराव्यात. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी, शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी, वजन, लिंग ओळखता आले तर लिंग, खरेदीची तारीख आणि ठिकाण, आणि कळली तर पकडल्याची तारीख व किनारा, एवढ्या गोष्टी लागतात. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी. अल्कोहोलचा थेंब लागला की पेनाची शाई पसरते आणि कोणता खडा कोणत्या माशाचा हे कायमचे हरवते.

खडा बाहेर काढणे

मासा पोटावर टेकवून डाव्या हाताने डोळ्यांच्या खोबणीत धरावा. धारदार पात्याने डोळ्यांच्या किंचित वरून, मागच्या दिशेला, जवळजवळ आडवा काप घेऊन कवटीचे झाकण उचलावे. पांढरट मेंदू दिसेल. तो चिमट्याने अलगद बाजूला केला की त्याच्या मागच्या भागाखाली, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतात आणि त्यांत पातळ पडद्याच्या पिशवीत सॅजिटा असते. काप फार खाली गेला तर खडाच कापला जातो, म्हणून पहिल्या काही माशांत काप थोडा वरून घ्यावा आणि मग हळूहळू खाली यावे. ढोम्यात गलफडे काढून खालच्या बाजूने कवटीचा फुगवटा फोडला तरी खडा मिळतो. मांदेलीसारख्या अगदी लहान माशाचे डोके मधोमध उभे चिरून, पाणी घातलेल्या काळ्या तळाच्या बशीत सुईने उकलावे; काळ्या तळावर पांढरा खडा चटकन नजरेत भरतो.

बांगडा आणि तारलीच्या सॅजिटाला पुढच्या बाजूला चोचीसारखे लांबट टोक असते. ते चिमट्यात दाबले तर मोडते आणि मग खड्याची लांबी मोजता येत नाही. चिमटा खड्याच्या रुंद भागावरच लावावा. त्याहूनही चांगले म्हणजे ओल्या बारीक कुंचल्याने खडा उचलावा.

पडद्याचे अवशेष ओले असतानाच सुईने आणि कुंचल्याने काढावेत, कारण वाळल्यावर ते घट्ट चिकटतात आणि वलयांवर पिवळट डाग बनून बसतात. धुण्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडच्या जड पाण्याचा थेंब काचपट्टीवर वाळला की क्षारांचे पांढरे कण उरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते खड्याचाच भाग असल्यासारखे भासतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळते आणि या कामाला पुरते. धुतलेला खडा टिपकागदावर वाळवून, डावा-उजवा वेगळा करून, छोट्या झाकणाच्या प्लास्टिक नळीत कोरडा ठेवावा. पुढे वाचनासाठी एकच बाजू, समजा उजवी, ठरवावी आणि शेवटपर्यंत तीच वापरावी. डावा खडा राखीव राहील.

चिकटवणे आणि घासणे

या टप्प्यावर घाई सर्वांत जास्त नडते. पिल्लांचे खडे इतके पातळ असतात की ते न घासता तेलाच्या थेंबात ठेवून वाचता येतात. मोठ्या माशाचा खडा मात्र जाड आणि वक्र असल्यामुळे त्यातून प्रकाश आरपार जात नाही, आणि केंद्रापासून कडेपर्यंतची सगळी वलये एका पातळीत आणण्यासाठी तो दोन्ही बाजूंनी घासावा लागतो.

मोठ्या प्रयोगशाळांत उष्णतेने मऊ होणारा पारदर्शक डिंक वापरतात. तो नसेल तर पारदर्शक नेलपॉलिशवर काम भागते. काचपट्टीवर नेलपॉलिशचा लहान थेंब ठेवून, खड्याच्या ज्या बाजूवर लांबट खाच असते ती बाजू वर येईल असा खडा त्यात बसवावा आणि पूर्ण कडक होईपर्यंत, म्हणजे शक्यतो रात्रभर, थांबावे. अर्धवट वाळलेल्या थेंबात खडा घासताना सरकतो. घासण्यासाठी गाड्यांना रंग देणारे गॅरेजवाले वापरतात तो वॉटर पेपर घ्यावा. ६०० नंबरने सुरुवात करून १००० आणि २००० वर जावे. कागद काचेच्या सपाट तुकड्यावर पसरावा, त्यावर पाणी असावे आणि काचपट्टी उलटी धरून बोटाच्या हलक्या दाबाने गोल फिरवावी. जोर लावल्यास खड्याची एक बाजू जास्त झिजते.

आठ-दहा फेऱ्या झाल्या की पुसून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, पुन्हा घासावे आणि पुन्हा पाहावे. मध्यभागी लहानसा गडद ठिपका आणि त्याच्याभोवती वर्तुळे स्पष्ट होऊ लागली की केंद्र जवळ आले असे समजावे. इथून पुढे फक्त २००० नंबर वापरावा. मग अ‍ॅसिटोनने नेलपॉलिश विरघळवून खडा सोडवावा, उलटा करून पुन्हा चिकटवावा आणि दुसरी बाजू तशीच घासावी. शेवटी ओल्या मखमली कापडावर ०.३ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना पूड घेऊन चकाकी आणावी, नाहीतर वॉटर पेपरचे ओरखडे वलयांत मिसळतात. केंद्राच्या पलीकडे घासले गेले तर पहिल्या काही दिवसांची वलये कायमची जातात. अशा खड्यावरची मोजणी अंदाजाने भरून काढू नये, राखीव डावा खडा घ्यावा. अ‍ॅसिटोन खिडकी उघडी ठेवून आणि स्पिरिटचा दिवा विझवूनच वापरावे.

वलये वाचणे

आधी सूक्ष्मदर्शकाचे मोजमाप पक्के करावे. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली डोळ्याकडच्या भिंगातल्या पट्टीचा एक भाग किती मायक्रॉनचा होतो ते काढून सूक्ष्मदर्शकावरच चिकटवून ठेवावे. मोबाइलने फोटो काढत असाल तर मायक्रोमीटरचा फोटोही त्याच झूमवर काढावा, आणि मध्ये झूम बदलला असेल तर ती मापे टाकून द्यावीत. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते आणि त्यात फोटोवरची अंतरे मोजता येतात.

प्रकाशाबाबत एक गोंधळ नेहमी होतो. खालून येणाऱ्या प्रकाशात जो पट्टा गडद दिसतो, तोच काळ्या पार्श्वभूमीवर वरून प्रकाश टाकला की पांढरा दिसतो. म्हणून ‘गडद’, ‘फिकट’ असे नुसते न लिहिता प्रकाश कुठून होता तेही लिहावे. दैनिक वलयांसाठी खालचा प्रकाश, तेलाचा थेंब आणि ४०० पट किंवा त्याहून मोठी प्रतिमा लागते.

खरी कसोटी लागते ती दैनिक वलय आणि त्याच्या आतली बारीक उपरेघ यांत फरक करताना. बारीक फोकसचे चाक किंचित मागेपुढे फिरवावे. दैनिक वलय फोकस हलला तरी टिकते आणि खड्याभोवती बऱ्याच अंतरापर्यंत सलग जाते. उपरेघ थोडे जाऊन विरते किंवा शेजारच्या रेघेत मिसळते. शेजारच्या वलयांच्या रुंदीकडेही लक्ष ठेवावे. पाच-सहा वलये सारख्या रुंदीची असताना मध्येच दोन वलये निम्म्या रुंदीची दिसली, तर ती दोन मिळून एक दिवस असण्याची शक्यता तपासावी. केंद्राजवळ एक ठळक वलय दिसते. ते बहुधा अंड्यातून बाहेर येण्याच्या किंवा पिवळ्या बलकाची पिशवी संपण्याच्या सुमाराचे असते, आणि मोजणी तिथून सुरू करतात. कडेकडची वलये फार दाटतात. एक मायक्रॉनहून अरुंद वलयांवर साध्या सूक्ष्मदर्शकाने विश्वास ठेवता येत नाही, त्यामुळे वर्षाच्या आसपासच्या माशांत या पद्धतीने वय कमी निघण्याचा धोका असतो.

प्रत्येक खडा तीनदा मोजावा. दोन मोजण्यांत काही दिवस जाऊ द्यावेत, आधीचा आकडा झाकलेला असावा आणि माशाची लांबीही समोर नसावी. लांबी माहीत असली की हात नकळत ‘योग्य’ आकड्याकडे वळतो. हा दोष अनुभवी वाचकांतही सापडतो. समजा तीन मोजण्या ११२, ११८ आणि ११५ आल्या. सरासरी ११५, प्रमाण विचलन ३, म्हणून विचलन गुणांक ३ भागिले ११५ गुणिले १००, म्हणजे २.६ टक्के. किती टक्क्यांपर्यंतचे खडे ठेवायचे ते मोजणीआधी ठरवून वहीत लिहावे. १० टक्के ही मर्यादा नवशिक्याला पेलणारी आहे. त्यापलीकडचे खडे वगळावेत आणि किती वगळले तेही अहवालात लिहावे. गुणांक कमी आला म्हणजे वय बरोबर आले असे मात्र नाही. एकच चूक तीनदा सारखीच केली तरी गुणांक शून्य येतो.

वयावरून वाढ

सर्वांत सोपे गणित सरासरी दैनिक वाढीचे. ९२ मिलिमीटर लांबीच्या माशात ११५ वलये आहेत आणि अंड्यातून निघताना पिल्लू ४ मिलिमीटरचे होते असे धरले, तर ८८ भागिले ११५, म्हणजे दिवसाला सुमारे ०.७७ मिलिमीटर वाढ. पकडल्याची तारीख १५ नोव्हेंबर असेल तर ११५ दिवस मागे जाऊन जन्म २३ जुलैचा ठरतो. इथे आपली मर्यादा उघड होते. बर्फात आलेल्या माशाची पकडण्याची तारीख माहीत नसेल, तर वय सांगता येते पण जन्मतारीख सांगता येत नाही, आणि ती सांगण्याचा मोह आवरावा.

निरनिराळ्या वयांचे पन्नास-साठ मासे हाताशी आले की बर्टलान्फी या जीवशास्त्रज्ञाचे १९३८ चे वाढीचे समीकरण बसवतात. त्यात मासा सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि नंतर एका कमाल लांबीकडे हळूहळू सरकतो असे धरलेले असते. नुसते उदाहरण म्हणून कमाल लांबी २० सेंटिमीटर आणि वाढीचा गुणांक वर्षाला १.२ घेतला, तर सहा महिन्यांचा मासा ९ सेंटिमीटरचा, वर्षाचा १४ चा आणि दोन वर्षांचा १८.२ चा येतो. हे समीकरण स्प्रेडशीटमध्ये बसवता येते. मात्र जमवलेले सगळे मासे एकाच आकाराचे असतील, आणि बाजारातून आणलेले मासे बहुधा तसेच असतात, तर येणारा गुणांक निरर्थक असतो. आलेले आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या त्याच जातीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.

वलय म्हणजे दिवसच, हे कशावरून

वलयांची संख्या आणि दिवसांची संख्या एकच आहे, हे प्रत्येक जातीसाठी वेगळे तपासावे लागते. किनाऱ्यावर यासाठी जिवंत मासे टाकीत ठेवून, टेट्रासायक्लिनसारख्या रसायनाने खड्यावर चमकणारी खूण करून, नंतर तिच्या बाहेरची वलये मोजतात. तारलीवर हा प्रयोग विदर्भात होणार नाही. पण मोजणाऱ्याची नजर तपासायची असेल तर पूर्व विदर्भात एक सोय घरच्या घरी आहे, ती म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलावांत सोडले जाणारे रोहू-कतल्याचे मत्स्यबीज.

१९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने रोहूच्या कुळातल्या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून बीज केंद्रावर तयार होते आणि अंडी घातल्याची तारीख तिथल्या नोंदवहीत असते. पावसाळ्याच्या उबदार पाण्यात ही अंडी साधारण १४ ते २० तासांत फुटतात, म्हणजे जन्माचा दिवस पक्का कळतो. गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेतल्या ढीवर बांधवांना विचारून एकाच खेपेचे बीज कोणत्या तळ्यात किंवा शेततळ्यात गेले ते कळते. वेगवेगळ्या खेपांची सरमिसळ झालेले तळे घेऊ नये. त्या तळ्यातून ४०, ६० आणि ८० दिवसांची प्रत्येकी दहा-बारा बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) संस्थेच्या परवानगीने घ्यावीत.

या माशांत खडा बदलतो हे लक्षात ठेवावे. रोहू-कतल्याच्या कुळात सॅजिटा सुईसारखी बारीक असते आणि हमखास मोडते, म्हणून तिच्याऐवजी लॅपिलस काढावा. तो थोडा पुढच्या आणि वरच्या बाजूला असतो. खरे वय दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवावे, मोजणाऱ्याला ते सांगू नये. मोजणी संपल्यावर आडव्या अक्षावर खरे दिवस आणि उभ्या अक्षावर वलये मांडून सरळ रेषा काढावी. उतार १ च्या जवळ आला तर रोज एक वलय वाचले जात आहे. उतार ०.८ आला तर मोजणाऱ्याकडून वलये सुटत आहेत किंवा उपासमारीने ती अस्पष्ट झाली आहेत. अशा वेळी त्याच तळ्यातले अंगाने भरलेले आणि खुरटलेले मासे वेगळे करून पुन्हा पाहावे. रेषा उभ्या अक्षाला उणे २ वर छेदत असेल आणि उतार १ असेल, तर पहिले वलय जन्मानंतर साधारण दोन दिवसांनी पडले असे समजून वयात दोन दिवस मिळवावेत.

रोहूवर मिळालेला हा उतार किंवा ही दोन दिवसांची दुरुस्ती तारलीला लावू नये. तारलीच्या तक्त्यात स्तंभाचे शीर्षक ‘वलयसंख्या’ असे ठेवावे, त्याशेजारी ‘रोज एक वलय धरून वय’ असा दुसरा स्तंभ करावा, आणि त्या जातीवर किनाऱ्यावर झालेली पडताळणी हाती आली असेल तरच नुसता ‘वय’ हा शब्द वापरावा.